झिराडकरांची जहाजसफर

बुधवार, १५ मे १९६३

लागली! लॉटरी लागली! आम्हाला! झिराडकरांना!

दुपारी गिरणीत कामगारांचा मेळावा होता. मी गेले नव्हते, मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होते. शेजारची रोझी धावत आली, एका पायात चप्पल, दुसरी वाटेत पडलेली. "जेरुशा! तुझ्या रूबेनचं नाव पुकारलं! जहाज! जहाज!" मला वाटलं ह्यांना काहीतरी लागलं, मशीनमध्ये हात गेला. मग हळूहळू उलगडा — कामगार समितीनं सोडत काढली, पहिलं बक्षीस सबंध कुटुंबाला जहाजाची सफर! हैफाहून निघायचं, ग्रीसला जायचं, ऱ्होड्स आणि सायप्रस करून परत. केबिन, जेवणखाण, सगळं फुकट!

हे घरी आले ते रोजच्यासारखे. सायकल भिंतीला, डबा ओट्यावर. म्हणाले, "दुसरं बक्षीस रेफ्रिजरेटर होता. तो लागता तर बरं झालं असतं." मी हसत सुटले. हसता हसता डोळ्यांतून पाणी. मग तेही हसले, मिशीतल्या मिशीत.

माझगावला जन्म माझा. गोदीचे भोंगे ऐकत वाढले, खिडकीतून जहाजांची धुराडी मोजायची, आणि जहाजात कधी पाऊल नाही! इस्रायलला आलो तेही विमानानं, खाली नुसता अंधार. आणि उतरवलं कुठं, तर किर्यात मलाखीला — आधी तंबू, मग पत्र्याच्या खोल्या, आता हे घर. संत्र्याच्या बागा आहेत, धूळ आहे, समुद्र तेवढा नाही.

आई — म्हणजे सासूबाई — म्हणाल्या, "मी नाही बाई येणार. रेवसच्या बोटीत बसले जन्मभर, तेवढं पुरे." तासाभरानं हळूच — "जहाजावर पोहे मिळतात का गं?"

म्हणजे येणार!

शुक्रवार, १७ मे

धाकट्या शोशीचे पाय दोन दिवस जमिनीवर नाहीत. नऊ वर्षांची पोर, पण गल्लीतल्या सगळ्या पोरांना जहाजावर कुठं काय असतं ते सांगतेय, जणू कप्तान हीच. मी मराठीत विचारते, ती हिब्रूत उत्तर देते, मला आईऐवजी 'इमा' म्हणते. आई तिला मराठीत रागावतात, ती हिब्रूत हसते.

आणि थोरली निलीसुद्धा बोलली! आज जेवताना स्वतःहून विचारलं, "कुठं कुठं थांबणार? सायप्रसला उतरू देतात का?" मला इतकं बरं वाटलं. हिवाळ्यापासून ही मुलगी घरात सावलीसारखी वावरतेय.

कारण लिहून ठेवते, कधी लिहिलंच नाही. सैन्यात असताना तिची अमनोनशी ओळख झाली. विजेची कामं करतो, याफोला राहतो, आईबाप बल्गेरियाहून आलेले. साधी माणसं, त्यांची काही हरकत नव्हती. आमचीही नव्हती. जानेवारीत दोघं लग्नाची नोंद करायला रब्बींच्या कचेरीत गेले; इथं त्यांच्याशिवाय लग्न होत नाही. तिथल्या माणसानं निलीचा चेहरा बघितला, आडनाव बघितलं. "हिंदुस्थानातल्या बेने इस्रायल का? मग थांबावं लागेल. आईची आई कोण, तिची आई कोण, लग्नं कुणी लावली, सगळं तपासावं लागेल." का? तर नियम आहे. आम्ही खरे यहुदी की नाही याचीच त्यांना शंका! अमनोनला कुणी काही विचारलं नाही.

हे त्या दिवशी जेवले नाहीत. हे आपल्या सिनेगॉगमध्ये दर शब्बाथला, शनिवारी, तेफिला — म्हणजे सगळ्यांची प्रार्थना — चालवतात, ह्यांचे आजोबा कोकणात झिराडला हेच करायचे. म्हणाले, "मी कुणापुढे माझ्या आजीची साक्ष काढणार नाही. नियम बदलतील तेव्हा लग्न होईल. तोवर त्या मुलानं या घरात येऊ नये."

निली रडली नाही. बोलायचीच थांबली.

आज बोलली. जहाजाला दुवा!

सोमवार, २७ मे

पासपोर्ट आले. फोटोत मी चोर दिसते, हे पोलीस दिसतात.

गुरुवार, ६ जून

बांधाबांध. पांढरी रुपेरी काठाची साडी घेतलीय — रोझी म्हणते, जहाजावर एका संध्याकाळी कप्तान सगळ्यांना जेवायला बोलावतो, तेव्हा नेस. आईंच्या पिशवीत डोकावले तर पोहे, मिरचीचं लोणचं, सुपारी, आणि एक कंदील! "अहो आई, तिथं वीज असते!" "असू दे. गेली तर?"

ह्यांनी नवा शर्ट शिवलाय. मला सांगितलं नव्हतं. लपवून ठेवला होता कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून!

रविवार, ९ जून, जहाजावर!!

केबिनमधल्या टेबलाशी बसून लिहितेय. गोल खिडकी! खिडकीत समुद्र! लेखणी घसरतेय, कारण खालून इंजिनाची बारीक थरथर येते, मांजर मांडीवर घेतल्यासारखी.

पहाटे निघालो, दोन बस बदलून हैफा. धक्क्यावर वळलो आणि समोर — मी आधी इमारत समजले. पांढरीशुभ्र, सात मजल्यांची. मग तिच्यावर नाव दिसलं, "कोखाव हा-याम". समुद्राचा तारा! शोशी ओरडली, "इमा, हे हलतं?" सामानवाला म्हणाला, "नाही हललं तर पैसे परत." सगळे हसले.

दोन केबिनी, समोरासमोर. एकीत आम्ही दोघं आणि शोशी, दुसरीत आई आणि निली. न्हाणीघर आतच! गरम पाणी! आईंनी नळ सोडला, बंद केला, सोडला, बंद केला. "खारं नाही," म्हणाल्या चाखून.

भोंगा झाला तेव्हा सगळे वरच्या डेकवर. लोकांनी रंगीत कागदाच्या पट्ट्या धक्क्याकडे फेकल्या, एक टोक आपल्या हातात, एक खालच्यांच्या. आमचं खाली कुणीच नव्हतं, तरी मी फेकली! एका अनोळखी आजोबांनी पकडली. जहाज सुटलं, पट्टी ताणली, ताणली, तुटली. मी त्यांना हात केला, त्यांनी मला. कोण कुठले!

कार्मेलचा डोंगर मागे मागे गेला. ह्यांनी माझा हात धरला — सगळ्यांसमोर! — मग कळलं, त्यांना मळमळत होतं.

सोमवार, १० जून

चोहीकडे पाणी. निळं तरी किती! आमच्या मुंबईच्या समुद्राला हा रंग नाही, तो मातकट, पण त्याला वास होता.

ह्यांनी सकाळपासून पाठ टेकलीय. आई मात्र ठणठणीत! डेकवरच्या आरामखुर्चीत नऊवारी सावरून बसल्यात, डोळे बारीक करून पाण्याकडे बघताहेत. म्हणाल्या, "वारा बदलणार दोन दिवसांत." मी म्हटलं, कशावरून? "अशीच चमक येते." जेवणघरात पंचवीस तऱ्हा, एकाला चव नाही. आईंनी लोणचं काढलं. वाढणाऱ्या पोऱ्यानं विचारलं, हे काय? एक बोट चाखलं. आता आमच्या टेबलावर पहिलं वाढप होतं!

आणि आता जे लिहायचंय ते.

दुपारी शोशी दिसेना. शोधत शोधत मी अगदी खालच्या डेकवर गेले, स्वस्त तिकिटांच्या बाजूला. तिथं शोशी कठड्याशी बसून आइसक्रीम खात होती. शेजारी निली. निलीच्या शेजारी अमनोन.

शोशी आनंदानं म्हणाली, "इमा, बघ, अमनोन!"

मी शोशीला आजीकडे पिटाळलं. अमनोन उठून उभा राहिला, तोंड पांढरं. निलीनं त्याला खाली बसवलं आणि मला म्हणाली — मराठीत, किती महिन्यांनी! — "मम्मी, ओरडू नकोस. ऐक."

गुरुवारी जहाज सायप्रसला, लिमासोलला थांबेल. तिथं एका वकिलामार्फत सगळं ठरलंय. सरकारी कचेरीत जायचं, सही करायची, झालं लग्न. परदेशात झालेलं लग्न आपलं सरकार मानतं म्हणे. अमनोननं आमच्या सफरीचं कळल्यावर याच जहाजाचं तिकीट काढलं.

"तुला न सांगताच करणार होते," निली म्हणाली. "आता तू बघितलंस. आता तू ठरव, पप्पांना सांगायचं की नाही."

मी विचारलं, "आणि त्यांचं काय? ते म्हणतात तेही खोटं आहे का?"

"खोटं नाही. पण त्यांच्या अब्रूसाठी मी किती वर्षं थांबू, मम्मी? तूच सांग. पाच? दहा?"

अमनोन हिब्रूत म्हणाला, "मला तुमच्या घरी यायचंय. मागच्या दारानं नाही. पण पुढचं दार बंद आहे."

ह्यांना सांगितलेलं नाही. अजून तरी.

मंगळवार, ११ जून

पिरेयसला उतरलो. अथेन्स पाहिलं! टेकडीवरचे ते दगडी खांब — एवढं ऊन, एवढा पांढरा दगड, डोळे दिपले. आई अर्ध्या वाटेत बसल्या, म्हणाल्या, "छप्पर नाही, काही नाही, काय बघायचं?" शोशीनं दोन बाटल्या लिंबूपाणी संपवलं. हे आज बरे आहेत, मुलांसारखे फिरत होते, मला एक निळ्या मण्यांची माळ घेतली. स्वतःहून! गळ्यात घालताना म्हणाले, "लॉटरी लागली ते बरंच झालं."

आणि खालच्या डेकवर अमनोन आहे, हे मी ह्यांच्यापासून लपवतेय.

संध्याकाळी कप्तानाचं जेवण होतं. मी साडी काढली आणि पुन्हा पेटीत ठेवली. नेसवेना. फ्रॉकवरच गेले.

बुधवार, १२ जून, ऱ्होड्स

लिहिते. नीट लिहिते, काही सुटू नये.

सकाळी बेटावर उतरलो. जुना कोट, दगडी गल्ल्या, भिंतीवरून ओसंडणारी गुलाबी फुलं. जहाजावरची माणसं घोळक्यानं चालत होती. एका गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा उभा होता, काळी टोपी, काठी. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता, "येहुदी? येहुदी?" आम्हाला विचारलं. ह्यांनी मान हलवली. त्यानं ह्यांची बाहीच धरली आणि ओढत नेलं. आम्ही बायका मागून.

आत सिनेगॉग. आईंच्या तोंडी अजून "मशीद" — कोकणात आपण तसंच म्हणायचो. केवढी सुंदर! फरशीवर काळ्यापांढऱ्या गोट्यांची नक्षी, छताला झुंबरं. आणि रिकामी. बाकांवर आमच्या जहाजावरचेच काही पुरुष बसलेले, म्हाताऱ्यानं असेच गोळा केलेले. म्हातारा भराभरा काहीतरी सांगत होता, आणि एकजण त्याचं हिब्रूत करून सांगत होता.

तो अमनोन. बल्गेरियावाल्यांच्या घरी म्हाताऱ्याचीच ती जुनी स्पॅनिश भाषा बोलतात, म्हणून म्हाताऱ्याचं फक्त त्याला कळत होतं.

ह्यांनी त्याला बघितलं. मी ह्यांना बघितलं. मानेवरची शीर ताठ झाली. वळले, आणि दाराकडे निघाले.

म्हाताऱ्यानं आडवी काठी घातली! चिडला नव्हता, गयावया करत होता. बोलत होता ह्यांच्याशी, बघत होता अमनोनकडे — सांग, सांग याला.

अमनोननं हिब्रूत सांगितलं. "तो म्हणतो, त्याचं नाव एलिएझर. या गल्लीत हजारो माणसं होती. जर्मनांनी सगळ्यांना बोटीत घालून नेलं. तो परत आला, त्याचं कुणी आलं नाही. मेलेल्यांसाठी कद्दीश म्हणायला दहा पुरुष लागतात, आणि इथं दहा कधी होत नाहीत. आज नऊ आहेत." मग ह्यांना म्हणाला, "तुम्ही दहावे."

ह्यांनी अमनोनकडे सरळ बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा. आणि म्हणाले — मला ते शब्द मरेपर्यंत आठवतील — "त्याला सांग, मी हिंदुस्थानातला आहे. बेने इस्रायल. त्याला विचार, मी चालेन का मोजायला."

अमनोननं विचारलं. म्हाताऱ्याला प्रश्नच कळला नाही. त्यानं पुन्हा विचारायला लावलं. मग ह्यांच्याकडे बघून काहीतरी उलट विचारलं.

"तो विचारतो, तुम्हाला तेफिला म्हणता येते का?"

"येते."

"मग पुढे उभे राहा, म्हणतो. त्याचा आवाज गेलाय."

आणि हे पुढे गेले. खांद्यावर म्हाताऱ्याची प्रार्थनेची शाल, समोर नुसती भिंत. आपल्या झिराडच्या चालीवर तेफिला सुरू केली. पहिल्या ओळीला आवाज फुटला, दुसऱ्या ओळीला लागला. त्या रिकाम्या दगडी मशिदीत ती चाल! आई माझ्या शेजारी ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या, डोळे मिटून. शेवटी एलिएझरनं कद्दीश म्हटला. चांगला मोठ्यानं. गेलेला आवाज कुठून आणला कोण जाणे. बाकी नऊही जणांनी "आमेन" म्हटलं — हे आणि अमनोन एकाच वेळी.

बाहेर आल्यावर हे सरळ जहाजाकडे चालू लागले.

संध्याकाळी डेकवर आम्ही दोघंच. म्हणाले, "तुला माहीत होतं, तो जहाजावर आहे."

"हो. सोमवारपासून." आणि मग सगळं सांगितलं. लिमासोल, वकील, सही. एकदाचं.

हे पाण्याकडे वळले. "सायप्रसच्या साहेबापुढे सही करायची, जेरुशा? म्हणजे आपणच कबूल करायचं की आपल्या घरचं लग्न आपल्या धर्मानं होऊ शकत नाही. मी नाही येणार."

मी म्हटलं, "मी जाणार तिच्याबरोबर."

एवढ्या वर्षांत मी ह्यांना असं कधी म्हटलं नव्हतं. ओरडतील वाटलं. ओरडले नाहीत. म्हणाले, दुसऱ्याच कुणाशी बोलल्यासारखे, "त्या म्हाताऱ्यानं मला काही विचारलंच नाही गं. आजी नाही, पणजी नाही. म्हणता येते का, एवढंच."

गुरुवार, १३ जून, सकाळ

वारा बदललाय! आई म्हणाल्या तसंच.

पहाटेपासून जहाज डोलतंय. लिमासोल समोर दिसतंय, पांढरी घरं, पण इथं जहाज धक्क्याला लागत नाही, लांब उभं राहतं आणि होड्यांनी माणसं नेतात. होड्या आल्या, लाटांवर अशा उडत होत्या की एकीची शिडी निसटली. निली निळा फ्रॉक घालून तयार. मीही तयार. हातात पर्स. अमनोन शिडीपाशी सगळ्यात पुढे.

आत्ताच लाउडस्पीकरवर सांगितलं — समुद्र खवळलाय, कुणालाही उतरता येणार नाही. दुपारी जहाज हैफाकडे वळणार.

निली तिथंच डेकवर मटकन बसली. सहा महिन्यांचं रडू एकदम आलं. हमसून हमसून. माणसं बघताहेत. अमनोन तिच्याशेजारी उकिडवा, काय करावं त्याला सुचत नाही. मलाही नाही.

हे येताहेत इकडे—

गुरुवार, रात्र

झालं! लग्न झालं! माझ्या निलीचं — माझ्या पोरीचं लग्न झालं!!

हे कठडा धरत धरत आले, तोंड हिरवंपिवळं. अमनोनसमोर उभे राहिले. मला वाटलं आता काय होतंय! म्हणाले, "बरा शर्ट आहे का तुझ्याकडे?"

अमनोनला कळेना. "आहे."

"अंगठी?"

"आहे. खिशात."

"मग जा, घालून ये. सही कसली करतोस? मी हिच्या आईशी लग्न केलं ते माझगावच्या सिनेगॉगमध्ये, आपल्या तेफिला चालवणाऱ्या हझाननं लावलं. काल मी तेफिला चालवलेली चालली ना? मग हेही चालेल. मी लावतो."

निली रडायचीच थांबली. तोंड उघडं. मग उठून ह्यांच्या गळ्यात पडली, आणि जहाज कललं, आणि दोघं मिळून खुर्चीवर आपटले!

मग जी धावपळ! जहाजाच्या कारभाऱ्यानं मागचा डेक दिला, वाऱ्याला आडोसा असलेला. पांढरी रुपेरी काठाची साडी तिला नेसवली — डोलत्या केबिनमध्ये, एक पिन तिच्या खांद्याला, एक माझ्या बोटाला. आई सरळ भटारखान्यात शिरल्या! हिब्रूचे चार शब्द आणि बाकी मराठी. आचाऱ्यानं साखर, खोबऱ्याचा कीस, बेदाणे, बदाम काढून दिले, आईंचे पोहे होतेच. शुभकार्याचा एलियाहू हनाबीचा मलिदा झाला, मोठी परात भरून! मंगळसूत्र कुठलं आणायचं? मी माझं काढायला लागले तर आईंनी हात धरला. कमरेच्या चंचीतून त्यांनी स्वतःचं काढलं. सासरे गेल्यापासून जपून ठेवलेलं.

काल ऱ्होड्सच्या सिनेगॉगमध्ये बसलेली माणसं ह्यांनी एकेक शोधून आणली. बेझालेल म्हणून एक दाढीवाले, हैफाचे लाकडाचे व्यापारी, खूप धार्मिक. मला भीती होती ते काही खुसपट काढतील. ते म्हणाले, "काल तुमच्या मागे उभा राहून आमेन म्हटलं. आज साक्षीला का नको?" लग्नाचा करार ह्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला, अक्षर अगदी वळणदार. बेझालेलनी आणि आणखी एकानं सही केली.

सूर्य खाली आला होता. मांडव म्हणून चौघांनी शालीची चार टोकं धरली, वाऱ्यानं ती शिडासारखी फुगली, धरणाऱ्यांना ओढायला लागली! आपल्यात नवरदेव नवरीसाठी गातो, अमनोनला ते गाणं कुठलं येणार? आई पुढे झाल्या. सत्तरी उलटलेली बाई, एक हात कठड्यावर, आणि मुंबईच्या सगळ्या लग्नांतलं ते गाणं आईंच्या तोंडून. निली चालत आली. शोशी तिचा पदर धरून, आयुष्यात पहिल्यांदा गप्प.

ह्यांनी आशीर्वाद म्हटले. एकदाही अडखळले नाहीत. रिवाजाप्रमाणे अमनोननं पेला फोडायला पाय उचलला आणि जहाज कललं — पेला घरंगळत निघाला! तो पेल्याच्या मागे, साक्षीदार त्याच्या मागे, सगळा डेक हसतोय! शेवटी कठड्यापाशी गाठला आणि फोडला. "माझल तोव!" जहाजाचा बँड आला, अनोळखी माणसं नाचली, मलिदा पाच मिनिटांत संपला. वाढणारा पोऱ्या लोणचं मागत फिरत होता.

शेवटचा आशीर्वाद संपल्यावर हे शांतपणे शाल घडी करून माझ्या हातात देऊन कठड्याकडे धावले. एवढा वेळ दम धरला होता माणसानं!

मी ह्यांची पाठ चोळत उभी होते. मागे बँड वाजत होता. मी इतकी सुखी कधी नव्हते.

शुक्रवार, १४ जून

हैफा. घर. पायाखालची जमीन अजून डोलते. याफोला अमनोनच्या घरी गेलो, त्याची आई निलीचा चेहरा दोन्ही हातांत धरून किती वेळ बसली. हे म्हणतात, रविवारी तो करार घेऊन मी स्वतः कचेरीत जाणार. उजळ माथ्यानं.

रविवार, १९ जुलै १९६४

घाईत लिहितेय. वर्ष झालं, कचेरीनं निलीचं लग्न लिहून घेतलेलं नाही. दर खेपेला "थांबा." परवा ह्यांनी गिरणीत बिनपगारी रजा टाकली आणि यरुशलेमला गेले. देशभरातले आपले लोक तिथं रस्त्यावर बसलेत, तो नियम मागे घेतल्याशिवाय उठायचं नाही म्हणतात. अमनोन ह्यांच्याबरोबर. निलीला सातवा महिना, कुणाचं ऐकते? तीही काल शब्बाथ सुटल्यावर गेली. आज मी स्टोव्ह, तांदूळ आणि शोशीला घेऊन निघाले. आईंना रोझीकडे ठेवायचं ठरवलं होतं. बघते तर दारात उभ्या, लुगडं बदलून, काखेत वळकटी.

"कुलूप घाल नीट," म्हणाल्या. "लवकर नाही यायचो आपण."